आवंढा

दिवसातून चाळीस वेळा मी म्हणते, हलू नका.
राजारामपुरीतल्या तळघरात, काचेच्या अलीकडून,
माइकचं बटण दाबून.
वर रस्त्यावर साड्यांचा सेल,
खाली मी आणि हे अजस्र लोहचुंबक,
जे रात्रीसुद्धा बंद करत नाहीत.

माणूस किती हलतो, ते या खुर्चीत बसल्यावर कळलं.
शिरोलीच्या फौंड्रीतला एक गडी
ठोक्यांच्या गजरात चक्क झोपला,
झोपेत दचकला, आणि पडद्यावर
एका गुडघ्याचे चार झाले.
हललेल्याचं चित्र असंच येतं.
हाडाशेजारी हाडाची सावली,
तिच्याशेजारी आणखी फिकी.
आम्ही त्याला भूत म्हणतो.
भूत दिसलं की पुन्हा पहिल्यापासून.

आजच्या शेवटच्या पेशंट, शेवंताबाई नाष्टे, हुपरी.
मानेचा स्कॅन. डाव्या हाताला मुंग्या.
चाळीस वर्षं पैंजणाला घुंगरू जोडतात,
मान खाली, फुंकणी तोंडात.
जोडवी काढून माझ्या हातावर ठेवली,
म्हणाल्या, सत्तावीस ग्रॅम. बघ मोजून.

कानात कापूस, हातात रबरी फुगा,
डोक्यावर पिंजरा.
चार मिनिटं दहा सेकंद.
पहिल्या चित्रात गळ्यापासून मणक्यापर्यंत
लाटाच लाटा.
मावशी, आवंढा गिळू नका.
आतून आवाज, बरं.
दुसऱ्यांदा तेच.
तिसऱ्यांदा दीड मिनिट उरलं असताना.

बाहेर दोघं ताटकळलेले,
डॉक्टरांचा दोनदा फोन.
दार ढकलून आत गेले, जरा तणतणतच.
मावशी, दम धरा की थोडा!

त्या छताकडे बघत म्हणाल्या,
"दम धरतो गं. दम कवाच धरलाय.
ह्येच ऱ्हात न्हाई.
एरवी हात चालू असतोय,
घुंगराच्या नादात कळत न्हाई कोण वर यालंय त्ये.
हितं तू आडवं पाडलंस,
हात बाजूला ठेव म्हणालीस,
मग वर येतंय. गिळू नको तर काय करू?"

माझ्या फॉर्मवर सगळं विचारलेलं असतं.
पेसमेकर आहे का. शरीरात धातू आहे का.
बंद जागेची भीती वाटते का.
ह्याच्यासाठी चौकट नाही.
काय वर येतंय, मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही.

पिंजरा काढला. उठवून बसवलं.
म्हटलं, रडायचं असलं तर आत्ताच रडून घ्या.
रडल्या नाहीत.
पाणी मागितलं, अर्धा ग्लास,
घोट घोट, हिशेबानं प्यायल्या.
मग म्हणाल्या, तू बसतीस का गं चार मिण्टं, आजाबात न गिळता?
आणि स्वतःच आडव्या झाल्या.

मी काचेमागे येऊन बटण दाबलं
आणि बसले तशी.
तीन मिनिटं चाळीस.
तीन वीस.
दोन पन्नासला माझ्या घशात काहीतरी
आजूबाजूला बघून, चोरासारखं, खाली उतरलं.
कुणाच्याच लक्षात आलं नाही.
माझा स्कॅन चालू नव्हता.

त्यांचं चित्र स्वच्छ आलं.
सातही मणके,
पाचव्या-सहाव्यामधली चकती मागं सरकलेली,
बधिर हाताचं कारण अगदी बोट ठेवून दाखवावं असं.
घशाच्या जागी नुसती काळी पोकळी.
तिथं कधी काही अडकलं होतं
असं म्हणायला जागाच नाही.

आधीची तीन चित्रं पुसायची असतात.
आज राहिली.

बाहेर त्या बाकावर बसून जोडवी घालत होत्या.
फिल्म उद्या मिळेल, मी सांगितलं.
आणखी एक सांगायचं होतं,
की आता मान अशी वाकवायची नाही.
पण तोवर त्या वाकल्या होत्या,
पायाच्या बोटाशी, अगदी खाली,
आणि हात कसा भराभर चालला होता.